‘चार्ज’चा नेमका अर्थ कसा ठरवावा? इंग्रजी कागद वाचताना पाळायचा क्रम

बँकेचे मंजुरीपत्र, विजेचे बिल, न्यायालयाची नोटीस, बदलीचा आदेश आणि मोबाइलचा खोका या पाचही ठिकाणी इंग्रजीत ‘चार्ज’ हाच शब्द छापलेला असतो आणि पाचही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा असतो. खानदेशात हा शब्द बोलण्यात इतका मुरला आहे की ‘मोबाइल चार्जिंगले लाई दे’ म्हणणाऱ्या आजीला किंवा ‘चार्ज दिला का?’ असे विचारणाऱ्या कारकुनाला तो परका वाटतच नाही. घोटाळा होतो तो नेमका या ओळखीमुळे. ओळखीचा शब्द दिसला की वाचणारा थांबत नाही आणि मनात पहिल्यांदा येईल तो अर्थ लावून मोकळा होतो. मग शेतावर चढलेला बोजा ‘फी’ ठरतो आणि खात्याच्या चौकशीला तोंड देणारा कर्मचारी गावभर ‘गुन्हेगार’ होतो. शब्दकोशात अर्थ नसतो म्हणून या चुका होत नाहीत. शब्दकोश फार लवकर उघडला जातो म्हणून त्या होतात. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत.

आधीची तयारी

ज्या वाक्यात शब्द अडला ते वाक्य एकटे घेऊन बसू नये. संपूर्ण कागद, त्याचे शीर्षक, तो पाठवणाऱ्याचे नाव आणि शब्दाच्या मागचे-पुढचे दोन परिच्छेद समोर असावेत. मोबाइलवर कुणी एका ओळीचा फोटो पाठवून अर्थ विचारला, तर आधी पूर्ण पान मागवून घ्यावे. उदाहरणे देणारा एक इंग्रजी-मराठी शब्दकोश जवळ ठेवावा. कायद्याच्या आणि कार्यालयीन कागदांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. ते संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. भाषांतराचे ॲप शेवटच्या टप्प्यापर्यंत बंद ठेवावे, कारण त्याने दिलेला पहिला अर्थ डोळ्यांपुढे आला की तो मनातून काढणे अवघड जाते.

एवढी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, की या शब्दाच्या मुळाशी ‘भार लादणे’ ही कल्पना आहे. पैशाचा भार, कामाचा भार, आरोपाचा भार, विजेचा भार, बंदुकीत भरलेली दारू, हे सगळे तिचेच फाटे आहेत. मराठीतील ‘कार्यभार’, ‘पदभार’, ‘प्रभार’ आणि ‘बोजा’ हे शब्द त्याच दिशेने गेलेले असल्यामुळे मराठी वाचकाला हे काम वाटते तितके अवघड नाही.

टप्पा १ : कागद कोणाचा आहे ते ठरवा

पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय?’ असा न विचारता ‘हे कोण कोणाला लिहीत आहे?’ असा विचारावा. बिल, पावती किंवा दरपत्रक असेल तर पैशाचा अर्थ जवळजवळ नक्की असतो. कर्जाचे मंजुरीपत्र, सातबारा किंवा कंपनीची नोंद असेल तर जमिनीवरचा अथवा मालमत्तेवरचा बोजा आधी तपासावा. न्यायालय, पोलीस किंवा विभागीय चौकशी असेल तर आरोप, बदली किंवा नेमणूक असेल तर कार्यभार, आणि यंत्र किंवा विज्ञान असेल तर विद्युतप्रभार किंवा ‘भरण’ तपासावे.

सावधान : कागदाचा प्रकार कळला म्हणून अर्थ ठरला असे मानू नये. एकाच वाक्यात हा शब्द दोनदा येऊन दोन अर्थांनी वापरलेला असू शकतो. रावेर-यावल भागात केळीसाठी घेतलेल्या पीककर्जाच्या इंग्रजी पत्रात अशा धर्तीचे वाक्य येऊ शकते : ‘द बँक शॅल हॅव फर्स्ट चार्ज ऑन द स्टँडिंग क्रॉप अँड द बॉरोअर शॅल बेअर ऑल चार्जेस.’ यातील पहिल्या ‘चार्ज’चा अर्थ उभ्या पिकावर बँकेचा पहिला बोजा असा आहे, म्हणजे पिकाच्या पैशातून आधी बँकेचे येणे फिटेल. दुसऱ्याचा अर्थ कागदपत्रे, मुद्रांक वगैरेंचा खर्च कर्जदाराने सोसायचा असा आहे. दोन्हीकडे ‘शुल्क’ लिहिणाऱ्याने कर्जदाराला सर्वात महत्त्वाची अट सांगितलीच नाही असे होते.

टप्पा २ : नाम की क्रियापद, एकवचन की अनेकवचन

शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘नो’, ‘ऑल’ असे काही असेल किंवा विशेषण असेल तर ते नाम. ‘चार्ज्ड’ हे रूप असेल तर ते क्रियापद आहे की विशेषण हे पाहावे. ‘ही वॉज चार्ज्ड’ म्हणजे त्याच्यावर आरोप ठेवला गेला; ‘अ चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’ म्हणजे तणावाने भारलेले वातावरण.

अनेकवचनी ‘चार्जेस’ बहुधा पैसे किंवा आरोप यांपैकी एक असते. त्याच्याबरोबर ‘ड्रॉप’, ‘फेस’, ‘प्रेस’, ‘डिनाय’, ‘फ्रेम’ यांपैकी क्रियापद असेल तर आरोप. ‘पे’, ‘वेव्ह’, ‘लेव्ही’, ‘इन्क्ल्यूड’ असेल तर पैसे. ‘इन चार्ज’ किंवा ‘टेक चार्ज’ यांत मात्र शब्द एकवचनी असतो, त्याच्याआधी ‘अ’ किंवा ‘द’ नसते, आणि तिथे अर्थ कार्यभाराचा असतो.

टप्पा ३ : शेजारचा छोटा शब्द पाहा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नये. ‘फॉर’, ‘विथ’, ‘टु’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘ऑफ’ हे छोटे शब्द अर्थ पक्का करतात. कागदावर ‘चार्ज’भोवती पेन्सिलीने गोल करून त्याच्या पुढचा छोटा शब्द अधोरेखित करावा आणि मगच पुढे जावे.

‘चार्ज फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीचे पैसे घेणे.

‘चार्ज टु’ म्हणजे खर्च कोणाच्या तरी खाती किंवा शीर्षाखाली टाकणे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी याच्याच जवळचा ‘चार्ज्ड ऑन’ लक्षात ठेवावा. राज्याच्या एकत्रित निधीवर ‘चार्ज्ड’ असलेला खर्च म्हणजे भारित खर्च. राज्यघटनेच्या कलम २०२ मध्ये अशा खर्चाची यादी आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन त्यात येते. कलम २०३ नुसार हा खर्च विधानसभेत मतास टाकला जात नाही. अर्थसंकल्पाच्या मराठी पुस्तिकांत ‘दत्तमत’ (मतास टाकला जाणारा) आणि ‘भारित’ असे दोन रकाने असतात ते याच कारणाने. ‘चार्ज्ड’चे भाषांतर ‘आकारलेला’ केले की सगळा मुद्दा हरवतो.

‘चार्ज विथ’ सर्वात फसवा आहे, कारण अर्थ ‘विथ’च्याही पुढच्या शब्दावर ठरतो. पुढे गुन्हा असेल तर आरोप ठेवणे. पुढे कर्तव्य असेल, उदाहरणार्थ ‘चार्ज्ड विथ द ड्यूटी ऑफ मेन्टेनिंग रेकॉर्ड्स’, तर जबाबदारी सोपवणे. पुढे भावना असेल तर भारलेला असणे. आदेशातील दुसऱ्या प्रकारचे वाक्य पहिल्या प्रकारचे समजून वाचले, तर अभिलेख सांभाळण्याचे काम मिळालेला लिपिक अभिलेखांच्या प्रकरणात आरोपी झाल्यासारखा दिसतो.

‘चार्ज ॲट’ म्हणजे अंगावर धावून जाणे. चोपडा-यावलच्या शिवारात बिबट्या शेतकऱ्याच्या अंगावर धावला तर इंग्रजी बातमी हेच क्रियापद वापरते. ‘लाठीचार्ज’मधला चार्जही हाच, म्हणजे पोलिसांनी जमावावर धावून जाणे.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत फक्त एका ‘द’चा फरक आहे आणि अर्थ उलटा होतो. ‘द नर्स इन चार्ज ऑफ द वॉर्ड’ म्हणजे वॉर्ड सांभाळणारी परिचारिका. ‘द वॉर्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे वॉर्ड परिचारिकेच्या ताब्यात आहे. एकीकडे वाक्य सांभाळणाऱ्यापासून सुरू होते, दुसरीकडे ज्याला सांभाळायचे आहे त्याच्यापासून. याच कुटुंबातला आणखी एक प्रयोग कथा-कादंबऱ्यांत भेटतो : ‘शी टुक हर यंग चार्ज टु द पार्क.’ इथे ‘चार्ज’ म्हणजे तिच्याकडे सांभाळायला दिलेले मूल.

पडताळा : वाक्यातील ‘चार्ज’ आणि छोटा शब्द काढून त्या जागी मराठी क्रियापद ठेवून पाहा. ‘पैसे घेतले’, ‘आरोप ठेवला’, ‘काम सोपवले’, ‘धावून गेला’, ‘भरले’ या पाचांपैकी कोणते बसते? दोन बसत असतील तर पुढील टप्प्याशिवाय निर्णय घेऊ नका.

टप्पा ४ : क्षेत्राचा नेमका अर्थ लावा

*पैसे.* इथे अर्थ सोपा आहे, पण प्रतिशब्द कागदागणिक बदलतो. महावितरणच्या बिलात ‘चार्ज’साठी ‘आकार’ हा शब्द आहे : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. त्याच बिलातील ‘वीज शुल्क’ हे ‘ड्यूटी’चे भाषांतर आहे, म्हणजे तो शासनाचा कर आहे. बिल समजावताना दोन्हींना ‘शुल्क’ म्हटले तर कंपनीचा पैसा कोणता आणि शासनाचा कोणता हे ग्राहकाला कळणार नाही. बँकेत मात्र ‘प्रक्रिया शुल्क’ हाच रुळलेला प्रयोग आहे. हॉटेलच्या बिलातील ‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप जोडता येत नाही.

जीएसटीतील ‘रिव्हर्स चार्ज’ खानदेशातील जिनिंगवाल्यांना रोज लागतो. त्याचा अर्थ ‘पैसे परत’ असा अजिबात नाही. कर भरण्याची जबाबदारी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते, एवढाच त्याचा अर्थ. शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला ही पद्धत नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. शेतकऱ्याला हे समजावताना ‘कर तुम्ही भरायचा नाही, घेणाऱ्याने भरायचा’ असे साधे वाक्य पुरते.

*जमीन आणि तारण.* चूक झाली तर सर्वात महाग पडणारी जागा ही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चे कलम १०० सांगते की एखाद्याची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशासाठी तारण झाली, पण तो व्यवहार गहाणाचा नसेल, तर त्यास ‘चार्ज’ म्हणावे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चार्ज आणि गहाण या वेगळ्या गोष्टी आहेत. गहाणात मालमत्तेतील काही हितसंबंध धनकोकडे जातो. चार्जमध्ये तसा जात नाही, त्या मालमत्तेतून पैसे वसूल करण्याचा हक्क तेवढा मिळतो. बोलताना आपण दोन्हींना ‘बोजा’ म्हणतो आणि बोलण्यापुरते ते चालते; लेखी भाषांतरात मात्र ‘मॉर्गेज’साठी गहाण आणि ‘चार्ज’साठी भार किंवा बोजा असा भेद पाळलाच पाहिजे.

शेतीच्या बाबतीत विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात दिसतो. कर्ज फिटले तरी नोंद आपोआप जात नाही. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, देऊन फेरफाराने बोजा कमी करून घ्यावा लागतो. कंपनीच्या कागदांत याच टप्प्याला ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ म्हणतात. त्याचे ‘शुल्काबाबत समाधान’ असे भाषांतर कुणी केले तर वाचणाऱ्याला काहीच बोध होणार नाही. ‘बोजा फिटल्याची नोंद’ असे लिहावे.

सावधान : जमीन घेताना मालकीहक्क तपासून दिलेल्या इंग्रजी शोध अहवालात ‘सब्जेक्ट टु चार्ज’ असे शब्द दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवून वकिलाला विचारावे. ‘काही फी भरायची असेल’ असे समजून पुढे जाऊ नये.

*आरोप.* इथे अर्थाबरोबर टप्पाही कळला पाहिजे. पोलिसांत गुन्हा नोंदला जाणे, तपासानंतर आरोपपत्र दाखल होणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे आणि शिक्षा होणे या चार निरनिराळ्या घटना आहेत. ‘चार्जशीट’ दुसरी आणि ‘चार्जेस फ्रेम्ड’ तिसरी. चौथी होईपर्यंत माणूस दोषी ठरलेला नसतो. म्हणून ‘चार्ज्ड’चे भाषांतर ‘दोषी’ असे कधीही करू नये. तपासाअंती पोलिसांनी द्यायचा अहवाल जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७३ खाली असे; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १९३ खाली आहे. कागदावर यांपैकी कोणते कलम आहे हे पाहिले की तो पोलिसांचा कागद आहे हे पक्के होते.

उलट, महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ यांचा उल्लेख असेल तर ती खात्याची चौकशी आहे आणि तिथल्या ‘चार्जशीट’चा न्यायालयाशी संबंध असेलच असे नाही. शिक्षक, तलाठी किंवा ग्रामसेवक यांच्याबद्दल गावात अफवा पसरते ती बहुतेकदा हा फरक न कळल्यामुळे, आणि तिचा त्रास त्या घरातील सगळ्यांना होतो. असा कागद वाचून दाखवणाऱ्याने नियमांचे नाव आधी वाचावे.

याला लागूनच ‘डिस्चार्ज’ येतो. न्यायालयात तो खटला चालण्याआधीची आरोपमुक्ती, रुग्णालयात घरी सोडणे आणि हतनूर धरणाच्या पत्रकात पाण्याचा विसर्ग आहे. न्यायालयातील ‘डिस्चार्ज’ला ‘निर्दोष सुटका’ म्हणू नये. खटला चालून जी सुटका होते तिचे ते नाव आहे.

*कार्यभार.* ‘चार्ज घेणे’ म्हणजे पदभार स्वीकारणे आणि ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार. त्यात जादा पैशांचा संबंध नाही. भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माणींमुळे आपल्याकडे ‘चार्जमन’ हा शब्द सर्वांना माहीत आहे. ते पर्यवेक्षकाचे पद आहे. परंतु त्याच कारखान्याच्या तांत्रिक कागदात ‘प्रोपेलंट चार्ज’ आला तर तो काडतुसात भरलेल्या दारूचा उल्लेख आहे. विहिरीच्या सुरुंगात भरतात तोही चार्जच.

*वीज.* पाठ्यपुस्तकात ‘विद्युतप्रभार’ हा शब्द आहे आणि त्याचे एकक कूलोम आहे. मोबाइलच्या खोक्यावरील ५००० मिलिअँपिअर-तास हा आकडा प्रभाराचाच आहे. तो १८,००० कूलोम होतो. भौतिकशास्त्राच्या उत्तरात ‘चार्जिंग’ लिहू नये, कारण चार्जिंग ही क्रिया आणि प्रभार ही राशी आहे. फ्रिज किंवा एसी दुरुस्त करणारा ‘गॅस चार्ज केला’ म्हणतो तेव्हा त्याला ‘भरला’ एवढेच म्हणायचे असते.

सावधान : वायरमन ‘लाइन चार्ज आहे’ म्हणाला तर तारेत वीज चालू आहे असा त्याचा अर्थ होतो. भुसावळ विभागात रेल्वेच्या वरच्या तारा २५,००० व्होल्टच्या असतात. इथे ‘चार्ज’ म्हणजे जिवाला धोका. तारेजवळ जाऊ नये, तिच्याखाली लांब बांबू किंवा शिडी उभी करू नये.

टप्पा ५ : बोलीतला अर्थ सर्वात शेवटी तपासा

वरचा एकही अर्थ बसला नाही तरच बोलीकडे वळावे. अमेरिकी बोलण्यात ‘आय गेट अ चार्ज आउट ऑफ इट’ म्हणजे मला त्यात भारी मजा येते. जुन्या इंग्रजी बोलीत ‘चार्ज’ हा गांजासाठीही वापरलेला आढळतो; जुन्या कथेत पात्रे तो ओढताना दिसली तर गोंधळू नये. क्रिकेटच्या समालोचनात फलंदाज ‘चार्जेस डाउन द पिच’ म्हणजे पुढे सरसावून खेळतो. आपल्याकडची मुले ‘आज फुल चार्ज आहे’ म्हणतात तेव्हा उत्साह अभिप्रेत असतो. हा प्रयोग इंग्रजीत जसाच्या तसा नेला तर ऐकणारा बॅटरीबद्दल बोलणे चालले आहे असे समजेल.

याच्या उलट दिशेची एक चूक विद्यार्थ्यांच्या लिखाणात वारंवार दिसते. मराठीत आपण ‘मोबाइलची चार्जिंग संपली’ म्हणतो आणि ते आपल्या भाषेत रूढ आहे. पण त्याचे ‘माय चार्जिंग इज फिनिश्ड’ केले की इंग्रजी ऐकणाऱ्याला फोन पूर्ण चार्ज झाला असे वाटते, म्हणजे अगदी उलटे. ‘माय फोन इज आउट ऑफ चार्ज’ किंवा ‘माय बॅटरी इज डेड’ असे लिहावे.

टप्पा ६ : मराठी शब्द ठरवा आणि उलटा पडताळा घ्या

अर्थ ठरल्यावर वाचणारा कोण आहे ते पाहून शब्द निवडावा. तलाठी कार्यालयासाठी ‘बोजा’, न्यायालयासाठी ‘दोषारोप’ किंवा ‘भार’, वीजग्राहकासाठी ‘आकार’, विद्यार्थ्यासाठी ‘प्रभार’. जिथे मराठीत ‘चार्ज’च रुळला आहे, जसे मोबाइलच्या किंवा बॅटरीच्या गाडीच्या बाबतीत, तिथे तोच ठेवावा; ओढूनताणून केलेला शब्द वाचकाला अडवतो. एका कागदात एका अर्थासाठी एकच मराठी शब्द शेवटपर्यंत वापरावा, मात्र दोन अर्थांसाठी दोन शब्द आवर्जून वेगळे ठेवावेत.

आता भाषांतराचे ॲप उघडण्यास हरकत नाही. आपण केलेले मराठी वाक्य त्यात टाकून इंग्रजी करून पाहावे. ‘बोजा’ लिहिले असेल तर परत येताना ‘लोड’ किंवा ‘बर्डन’ येईल आणि ते ठीक आहे. ‘फी’ आले तर वाक्य पुन्हा वाचावे. ज्याला कागद समजावून द्यायचा आहे त्याला वाक्य मराठीत वाचून दाखवावे आणि तीन प्रश्न विचारावेत : पैसे कोणी द्यायचे, जबाबदारी कोणाची, आणि काय पणाला लागले आहे? कागदात जे काही येत असेल त्याची उत्तरे कागदाशी जुळली, तरच सही करू द्यावी.